शालेय अध्ययनकौशल्ये

शालेय अध्ययनकौशल्ये : नवीन विषय स्वतःहून शिकता येणे, शिकलेले लक्षात राहणे, ते पारखून घेता येणे आणि अनोळखी प्रश्न सोडवताना वापरता येणे, यांसाठी शालेय वयात अंगी बाणवायची कौशल्ये. वाचनाचे आकलन, उजळणीच्या पद्धती, माहितीची शहानिशा, गटात काम करणे आणि आपल्याला नेमके काय येत नाही याचे भान, ही त्यांतली प्रमुख होत. ‘अभ्यास कर’ असे मुलांना सगळेच सांगतात. तो करायचा कसा, हे वर्गात क्वचितच शिकवले जाते.

यांतले पुष्कळसे जुनेच आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूई यांनी अनुभवातून शिकण्याचा पुरस्कार केला. १९१८ मध्ये विल्यम किलपॅट्रिक यांनी प्रकल्पपद्धती, म्हणजे एखादे काम हाती घेऊन ते करता करता शिकणे, मांडली. १९९६ मध्ये जाक देलॉर यांच्या अध्यक्षतेखालील युनेस्को आयोगाने शिकायचे कसे हे शिकण्यावर भर दिला. पुढे चिकित्सक विचार, संवाद, सहकार्य आणि सर्जनशीलता ही चौकडी जगभर रूढ झाली. अशा याद्या करणे सोपे. ही कौशल्ये कोणत्या तासाला आणि कशी शिकवायची, इथे गाडी अडते.

सर्वांत भक्कम संशोधन आहे ते स्मरणाविषयी. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरगट स्वतः पाठ करून विस्मरणाचा वेग मोजला आणि १८८५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले : माणूस आधी झपाट्याने विसरतो, नंतर सावकाश. २००६ मध्ये हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. मग काही उतारे त्यांनी पुन्हा वाचले, तर काही न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुन्हा वाचणे सरस ठरले. आठवड्यानंतर मात्र पुन्हा वाचलेले सुमारे ४२ टक्के आठवले आणि आठवून लिहिलेले ५६ टक्के. जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अभ्यासाच्या दहा पद्धती तपासल्या, तेव्हा स्वतःची चाचणी घेणे आणि अंतराअंतराने उजळणी करणे या दोनच वरच्या श्रेणीत आल्या. मुलांच्या आवडीचे अधोरेखन आणि पुनर्वाचन तळाच्या श्रेणीत गेले.

वर्गात याचे रूप साधे असते. प्रकाशसंश्लेषणाचा धडा होऊन आठवडा झाला आहे. तासाच्या सुरुवातीला पुस्तके बंद. जे आठवेल ते पाच मिनिटांत वहीत उतरवायचे, मग पुस्तक उघडून दुसऱ्या रंगाच्या पेनाने दुरुस्त करायचे. ‘झाडे मुळांतून अन्न घेतात’ हे चुकीचे वाक्य बऱ्याच वह्यांत निघते आणि पुढचा तास कुठून सुरू करायचा ते शिक्षकाला कळते. या कामाला गुण ठेवले की मुले शेजारच्या वहीत डोकावतात, म्हणून ते न ठेवलेले बरे. मुलांना ही पद्धत सुरुवातीला रुचत नाही. पुन्हा वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो आणि ‘येतंय की’ असा भास होतो. आठवताना अडखळायला होते.

हा भास ओळखता येणे म्हणजे अधिबोध, अर्थात स्वतःच्या विचारप्रक्रियेचे भान. १९७० च्या दशकात जॉन फ्लॅवेल यांनी ही संकल्पना मांडली. अ‍ॅनमरी पॅलिंक्सार आणि अ‍ॅन ब्राउन यांनी १९८४ मध्ये वाचता येते पण समजत नाही अशा मुलांना चार गोष्टींचा सराव दिला : सारांश सांगणे, प्रश्न तयार करणे, न कळलेले उलगडणे आणि पुढे काय येईल याचा अंदाज बांधणे. आधी शिक्षक करून दाखवतो, मग मुले आळीपाळीने शिक्षक होतात. त्यांचे आकलन लक्षणीय सुधारले.

इंटरनेटवरील माहिती पारखणे हे खरोखर नवे कौशल्य. सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी इतिहासकार, विद्यापीठातील विद्यार्थी आणि व्यावसायिक तथ्यपडताळणीकार यांना अनोळखी संकेतस्थळे तपासायला दिली. पहिल्या दोन गटांतले अनेक जण देखण्या मांडणीला भुलून त्याच पानावर रेंगाळले. तथ्यपडताळणीकार लगेच नवीन टॅब उघडून ‘हे संकेतस्थळ कोणाचे?’ याचा शोध घेत होते. ही सवय शाळेत लावता येते.

‘कोणी पाहून शिकतो, कोणी ऐकून’ या समजुतीने आखलेल्या पाठांना मात्र पुरेसा आधार नाही, असे हॅरॉल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांच्या २००८ च्या आढाव्यात दिसले. तरीही ती शिक्षकांच्या प्रशिक्षणात तग धरून आहे.

कौशल्यांचा स्वतंत्र तास ठेवावा की ती विषयातच मुरवावीत, हा वाद आहे. विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांचा १९७३ चा बुद्धिबळावरील प्रयोग दुसऱ्या बाजूला झुकतो. खऱ्या डावातला पट काही सेकंद पाहून निष्णात खेळाडूने नवख्यापेक्षा कितीतरी अधिक सोंगट्या जागच्या जागी मांडल्या; त्याच सोंगट्या कशाही विखुरल्या तेव्हा त्याची आघाडी जवळपास उरली नाही. विषयाच्या ज्ञानावाचून ‘चिकित्सक विचार’ पोकळ राहतो, आणि पाठांतराला सरसकट नावे ठेवणारे हे विसरतात.

शेवटी बरेचसे प्रश्नपत्रिकेवर ठरते. पाठ केलेल्या उत्तराला पूर्ण गुण मिळत असतील, तर प्रकल्प परीक्षेच्या आदल्या महिन्यात गुंडाळले जातात. पॉल ब्लॅक आणि डिलन विल्यम यांनी १९९८ मध्ये शिकवतानाच चालणाऱ्या मूल्यमापनाचे महत्त्व पुढे आणले. त्यात आकड्यापेक्षा ‘पुढे काय सुधारायचे’ हा शेरा मोलाचा. पिसा या आंतरराष्ट्रीय चाचणीत २०१५ मध्ये सहकार्याने समस्या सोडवणे आणि २०२२ मध्ये सर्जनशील विचार मोजला गेला. पण ती नमुना म्हणून निवडलेल्या १५ वर्षांच्या मुलांची चाचणी आहे. तिचे गुण कोणाच्या निकालपत्रकात येत नाहीत.