जिवलग म्हणजे नक्की कोण? कर्क-स्पॉकच्या वादाची पार्श्वभूमी

मागच्या रविवारी गंगापूर रोडला मिसळ खायला जमलो होतो आणि भाच्याने मधेच विचारलं, मामा तो जुना स्टार ट्रेक बघतोय मी, कर्क आणि स्पॉक नुसते मित्रच आहेत ना? (कर्क म्हणजे त्या अंतराळयानाचा कॅप्टन, स्पॉक त्याचा भावना न दाखवणारा, परग्रहाचं रक्त असलेला सहकारी.) झालं, मित्र की प्रियकर यावरून टेबलावर दोन पार्ट्या पडल्या, रस्सा गार. तेव्हा मला धड सांगता आलं नाही म्हणून इथे टाकतोय, कारण हा वाद आजच्या पोरांनी उकरून काढलेला नाही, चांगला पन्नास वर्षं जुना आहे.

मालिका 8 सप्टेंबर 1966 ला एनबीसी या अमेरिकन चॅनलवर सुरू झाली, 79 भाग करून 1969 ला बंद पडली. पण खरी गंमत त्याच्या आधीची. द केज नावाचा जो पहिला पायलट, म्हणजे चॅनलला दाखवायचा नमुन्याचा भाग, काढला त्यात कर्क नव्हताच, कॅप्टन वेगळा होता आणि त्याच्या खालोखाल एक बाई होती, नंबर वन, थंड डोक्याची, चेहऱ्यावर काही दिसू न देणारी. त्यात स्पॉक चक्क हसतो बघा! चॅनलने तो पायलट नाकारला, बाई गेली आणि तिचा तो थंडपणा उचलून स्पॉकला दिला. (आपल्या फाळक्यांनी 1917 च्या लंकादहनमध्ये राम आणि सीता दोन्ही अण्णा साळुंक्यांकडून करून घेतले होते, त्यापुढे हे काहीच नाही म्हणा.) म्हणजे कॅप्टनच्या शेजारची ती जागा मुळात एका बाईसाठी लिहिलेली होती.

या दोघांकडे लोकांनी असं बघण्याचं हे एक कारण, दुसरं निव्वळ धंद्याचं. तेव्हा प्रत्येक भाग सुटा असायचा, कुठलाही कधीही दाखवता आला पाहिजे, म्हणून कर्कला दर थोड्या दिवसांनी नवी पोरगी भेटायची आणि भाग संपेपर्यंत ती एकतर मागे राहायची नाहीतर मरायची, एडिथ कीलर तर त्याच्या डोळ्यांदेखत गाडीखाली जाते. हिरोला संसार द्यायचाच नाही असं ठरलं की मग पुढच्या आठवड्यात त्याच्या बाजूला उभा कोण? स्पॉक. ज्या एका नात्याला वाढायला जागा होती ते दोस्तीचंच होतं, मग सगळा जीव तिथेच ओतला गेला.

त्यात 15 सप्टेंबर 1967 ला अमोक टाइम हा भाग आला. स्पॉकचं लग्न मोडतं, त्याचं त्याला काहीच नाही, पण आपल्या हातून मेला असं वाटलेला कर्क समोर जिवंत दिसतो तेव्हा हा माणूस "जिम!" म्हणून त्याला दोन्ही हातांनी धरतो आणि हसतो. जे बघायचं ते लोकांनी त्यात बघितलं.

बघणाऱ्यांत बायका खूप होत्या. टाइपरायटरवर मालिकेतल्या पात्रांच्या स्वतः रचलेल्या कथा बडवायच्या, अंक काढायचे, पोस्टाने पाठवायचे, असं चालायचं. 1974 मध्ये ग्रुप नावाच्या अशाच एका अंकात डायेन मर्चंट यांची छोटीशी प्रेमकथा आली, त्यात दोघांची नावंसुद्धा घेतलेली नाहीत, इतकं जपून. पुढे खूण ठरली, दोन नावांमध्ये अँडचं चिन्ह असेल तर दोस्ती, तिरकी रेघ असेल तर प्रेम. अशा प्रेमकथांना स्लॅश हा शब्द त्या रेघेवरून पडला.

मग 1979 ला पहिल्या सिनेमाच्या कादंबरीत खुद्द मालिकेचे जनक रॉडेनबेरींनी स्पॉकच्या भाषेतला एक शब्द टाकला, थायला, अर्थ तीन: मित्र, भाऊ, प्रियकर. आणि तळटीपेत कर्कच्या तोंडून सांगितलं की छे, मला बायकाच आवडतात. दार उघडायचं आणि आपणच पाठ लावून उभं राहायचं!

मला विचाराल तर इंग्रजीत त्या रेघेची गरज पडली कारण त्यांच्याकडे फ्रेंड आणि लव्हरच्या मधे धड शब्द नाही. आपल्याकडे जिवलग आहे, मित्रालाही चालतो आणि प्रियकरालाही. रामकुंडावर दोन पोरं गळ्यात हात टाकून फिरली तर कुणी वळूनही बघत नाही, अमेरिकन टीव्हीवर तेवढ्यावर शंभर कथा लिहून झाल्या असत्या. पण याची दुसरी बाजूही आहे हां, ज्या दोघांचं खरंच प्रेम असतं त्यांनाही मग जन्मभर "रूमवरचा मित्र" म्हणूनच ओळख करून द्यावी लागते, आणि समलिंगी संबंध गुन्हा नाही असं सांगणारा कलम 377 चा निकाल यायला तर 6 सप्टेंबर 2018 उजाडलं.

तिकडे उघड दाखवायलाही वेळच लागला. 2016 च्या स्टार ट्रेक बियॉंड सिनेमात यानावरच्या सुलूला नवरा दाखवला, तोही क्षणभर, आणि जुन्या मालिकेत सुलू झालेले जॉर्ज टाकेई स्वतः गे असूनही त्यांना ते पटलं नाही, मूळ पात्र तसं नव्हतं म्हणाले. 2017 च्या डिस्कव्हरी या नव्या स्टार ट्रेक मालिकेत मात्र स्टॅमेट्स आणि कल्बर सरळ जोडपं म्हणून आले, दात घासताना वगैरे, कुणाला रेघ ओढायची गरज नाही. कर्क-स्पॉक अजून तिथेच आहेत, मधल्या जागेत.

भाच्याचा पहिला सीझन संपत आलाय. दुसऱ्याचा पहिलाच भाग अमोक टाइम, म्हणजे या रविवारीपण रस्सा गार होणार.