हवाई अंतर आणि तिकिटावरचा वेळ

वरुडच्या संत्रापट्ट्यातून मुंबईला विमानाने जायचे असेल, तर आता दोन वाटा आहेत: एक नागपूरच्या सोनेगाव विमानतळाची आणि दुसरी अमरावतीजवळच्या बेलोऱ्याची, जिथून मुंबईची नियमित सेवा १६ एप्रिल २०२५ रोजी सुरू झाली. वरुडहून ही दोन्ही शहरे शंभर किलोमीटरच्या आसपास आहेत, त्यामुळे बेलोऱ्याहून मुंबई जवळ म्हणजे तिथले विमान लवकर पोचवणार, असा हिशेब सहज मांडला जातो. त्यात अंतर आणि वेळ यांची गल्लत होते.

हवाई अंतर म्हणजे दोन विमानतळांमधले जमिनीवरून सरळ रेषेत मोजलेले अंतर. नागपूर ते मुंबई ते सुमारे ६८५ किलोमीटर आहे आणि बेलोरा ते मुंबई सुमारे ५४०. रेल्वेमार्ग वर्धा, अकोला, भुसावळ असा फिरून जात असल्याने नागपूरहून तोच प्रवास ८३७ किलोमीटरचा होतो.

तिकिटावरचा वेळ मात्र केवळ हवेतला नसतो. विमान आपल्या जागेवरून हलते तेव्हापासून ते दुसऱ्या विमानतळावर जागेवर येऊन थांबेपर्यंतचा सगळा वेळ त्यात धरलेला असतो. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदत असल्याने एका वेळी एकच वापरता येते, आणि गर्दीच्या तासांना विमानांना उतरण्यासाठी आकाशात घिरट्या घालाव्या लागतात. कंपन्या वेळापत्रक आखताना त्याचीही सोय ठेवतात.

खरा फरक विमानाच्या जातीचा आहे. बेलोऱ्याची सेवा पंख्यांच्या एटीआर विमानाने सुरू झाली, ज्याचा वेग तासाला सुमारे ५०० किलोमीटर असतो, तर नागपूरहून बहुतेक जेट विमाने ८०० किलोमीटरहून अधिक वेगाने जातात. निव्वळ वेगाने भागले, तर ५४० किलोमीटरला एटीआरला ६५ मिनिटे लागतात आणि ६८५ किलोमीटरला जेटला जेमतेम ५० मिनिटे. चढण्या-उतरण्याचा आणि धावपट्टीवरचा वेळ मिळवला, की तिकिटावर दोन्हीकडे साधारण दीड ते पावणेदोन तास दिसतात. अंतर दीडशे किलोमीटरने कमी असूनही वेळ वाचत नाही.

म्हणून माझ्या मते वरुडकरांनी किलोमीटर पाहूच नयेत. नागपूरहून दिवसभरात अनेक विमाने असतात, त्यामुळे मुंबईत सकाळी दवाखान्याची वेळ ठरली असेल तर सोनेगावच सोयीचे पडते. बेलोऱ्याची सेवा आठवड्यातून तीन दिवसांवर सुरू झाली होती, तेव्हा आपल्या तारखेला विमान आहे का, हे आधी पाहावे लागते. प्रवाशाने तासभर तरी आधी पोचायचे असते, ते दोन्हीकडे सारखेच. परतीचे विमान रात्री उतरणार असेल, तर त्या वेळेनंतर वरुडची एसटी आहे का, हे तिकीट काढण्यापूर्वीच आगारात विचारून घ्यावे.