कर्क्युमिन

हळदीच्या कंदाला पिवळा रंग देणारे रंगद्रव्य. २१ कार्बन, २० हायड्रोजन व ६ ऑक्सिजन अणूंचा हा रेणू. वनस्पतींतून अँटिऑक्सिडंट म्हणजे प्रतिऑक्सिडीकारक द्रव्ये शोधून त्यांतून औषधे मिळवण्याच्या आधुनिक खटाटोपात या रेणूवर हजारो शोधनिबंध निघाले. या संशोधनाने काय कमावले आणि ते कुठे घसरले, हे दोन्ही समजून घ्यायला याच्याइतके चांगले उदाहरण नाही.

वरणाची हळद साडीच्या पदरावर उडाली की डाग पिवळा पडतो. साबण लावताच तो लाल होतो आणि धुऊन उन्हात टाकला की दोन-तीन दिवसांत उडून जातो. प्रत्येक घराला ठाऊक असलेल्या या गोष्टींतच कर्क्युमिनचे बरेचसे रसायनशास्त्र आले. हा रेणू पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतो, म्हणून नुसत्या पाण्याने डाग निघत नाही. साबणातल्या अल्कलीने त्याचा रंग पालटतो आणि उजेडात तो तुटतो. हळदीला टाकणखार व लिंबाचा रस लावून कुंकू करण्याची जुनी रीत रंग पालटण्याच्या या गुणावर उभी आहे. पुढे औषध म्हणून कर्क्युमिनची जी अडचण झाली, तिचे मूळही इथेच आहे. पाण्यात न विरघळणारा आणि लवकर तुटणारा रेणू रक्तापर्यंत पोहोचवायचा कसा?

फोगेल व पेलत्ये यांनी १८१५ मध्ये हे द्रव्य प्रथम वेगळे केले. त्याची रचना १९१० मध्ये निश्चित झाली. वाळलेल्या हळदीत कर्क्युमिन व त्याच्यासारखीच रचना असलेली त्याची दोन भावंडे मिळून सामान्यतः २ ते ५ टक्के असतात. वर्धा जिल्ह्यातील वायगावची हळद आणि मेघालयातील लाकाडोंग हळद यांत हे प्रमाण बरेच जास्त असते, म्हणून अर्क काढणारे त्यांच्या शोधात असतात. अर्धा चमचा हळद म्हणजे साधारण दीड ग्रॅम. त्यात तीन टक्के धरले तर कर्क्युमिन भरते ४५ मिलिग्रॅम, आणि तेही चार माणसांच्या आमटीत वाटले जाते. प्रयोगांत दिली जाणारी मात्रा ५०० मिलिग्रॅमपासून कित्येक ग्रॅमपर्यंत असते. कर्क्युमिनवरचे संशोधन म्हणजे हळदीवरचे संशोधन नव्हे. हा फरक बातम्यांत नेहमी पुसला जातो, म्हणून तो इथे मुद्दाम सांगणे भाग आहे.

जखमेवर हळद दाबण्याचा आपला उपाय १९९५ मध्ये अमेरिकेत पेटंटच्या कचाट्यात सापडला. मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरून आणण्यासाठी हळद वापरण्याचा हक्क मिळाला होता. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने (सीएसआयआर) त्याला आव्हान दिले. परिषदेचे महासंचालक तेव्हा गोव्यातील माशेलचे रघुनाथ माशेलकर होते. जुने ग्रंथ आणि १९५३ चा एक भारतीय वैद्यकीय निबंध पुरावा म्हणून सादर झाले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. हा विजय फार मोलाचा होता. मात्र हळदीचा हा वापर नवा नाही, एवढेच त्याने सिद्ध झाले. ती किती गुणकारी आहे, हा प्रश्न त्या खटल्यात नव्हताच.

शरीरात ऑक्सिजन वापरला जाताना मुक्त मूलके, म्हणजे सुटा इलेक्ट्रॉन असलेले अतिक्रियाशील अणू-रेणू, तयार होतात. ती पेशींची पटले, प्रथिने व डीएनए यांना इजा करतात. वार्धक्याचे कारण हेच असावे, असा सिद्धांत डेनम हार्मन यांनी १९५६ मध्ये मांडला. पुढे विचार सरळ रेषेत गेला: मुक्त मूलकांनी रोग होतात, प्रतिऑक्सिडीकारके त्यांना निष्प्रभ करतात, तेव्हा ती खाल्ली की रोग टळेल. कर्क्युमिनमध्ये दोन फिनॉल गट आहेत आणि ते मुक्त मूलकाला हायड्रोजन सहज देतात. प्रयोगशाळेत हे पाहायला डीपीपीएच नावाचे जांभळे द्रावण वापरतात. त्यात वनस्पतीचा अर्क टाकला की जांभळा रंग उतरून पिवळट होतो आणि किती उतरला ते यंत्रावर मोजता येते. औषधनिर्माणशास्त्राच्या महाविद्यालयांत आवळा, कोकम, शेवगा, जांभळाच्या बिया अशा कितीतरी वनस्पतींवर हा प्रयोग होतो. विद्यार्थ्याला शिकायला तो उत्तम आहे. पण त्यातून कळते ते एवढेच, की मिथेनॉलने भरलेल्या नळीत हा अर्क हायड्रोजन देतो. तेवढ्यावरून अर्क ‘कर्करोगविरोधी’ ठरवणे म्हणजे अर्ध्या हळकुंडाने पिवळे होणे.

शरीर म्हणजे परीक्षानळी नव्हे, याचा कठोर पुरावा फिनलंडमधून आला. तेथे २९,१३३ पुरुष धूम्रपान करणाऱ्यांपैकी काहींना बीटा-कॅरोटीन हे प्रतिऑक्सिडीकारक वर्षानुवर्षे देण्यात आले. १९९४ मध्ये निष्कर्ष निघाला तेव्हा, ते घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक आढळला. ज्याने रक्षण होईल अशी खात्री होती त्यानेच अपाय केला. त्यानंतर हे कळत गेले की पेशीला थोड्या मुक्त मूलकांची गरजही असते. जंतूंशी लढताना आणि पेशींना आपसांत संदेश देताना ती उपयोगी पडतात, आणि त्यांच्यावर नियंत्रण ठेवायला शरीराची स्वतःची विकरे (एन्झाइम) असतात. अमेरिकेच्या कृषी खात्याने खाद्यपदार्थांच्या प्रतिऑक्सिडीकारक क्षमतेची आपली लोकप्रिय यादी २०१२ मध्ये मागे घेतली. त्या आकड्यांवरून आरोग्याबद्दल काही ठरवता येत नाही, हेच त्यामागचे कारण होते.

कर्क्युमिनच्या संशोधनाला मात्र याच काळात पेव फुटले. (पेव म्हणजे धान्य साठवायचे जमिनीतले तळघर, सांगलीजवळ हरिपूरला अशाच पेवांत हळद साठवीत.) दाह चेतवणाऱ्या एनएफ-कप्पा-बी या प्रथिनाला कर्क्युमिन आवर घालते, असे १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि जवळजवळ प्रत्येक रोगाशी त्याचे नाव जोडले जाऊ लागले. २०१७ मध्ये कॅथरिन नेल्सन आणि सहकाऱ्यांनी या साऱ्याचा रासायनिक दृष्टीने हिशेब मांडला. हा रेणू स्वतः चमकतो, प्रथिनांना चिकटतो, धातूंना धरतो आणि पेशींची पटले विस्कटतो. त्यामुळे चाचणीत ‘परिणाम झाला’ असे दिसते, पण तो बहुधा चाचणीतलाच घोटाळा असतो. १२० हून अधिक वैद्यकीय चाचण्या होऊनही दुहेरी अंध पद्धतीची (खरे औषध कुणाला आणि दिखाऊ कुणाला, हे रुग्ण व डॉक्टर दोघांनाही ठाऊक नसते अशी) एकही चाचणी निःसंशय यशस्वी ठरलेली नाही, असा त्यांचा निर्वाळा होता. तो कडक होता, पण असा हिशेब कुणीतरी मांडायलाच हवा होता.

मूळ अडचण शोषणाची. शरीराच्या तापमानाला, रक्तासारख्या सौम्य अल्कलीय द्रावणात, प्रथिने नसतील तर अर्ध्या तासात ९० टक्के कर्क्युमिन नष्ट होते. गिळल्यावर बहुतेक भाग मलावाटे जातो आणि उरलेला आतडे व यकृत लगेच रूपांतरित करून टाकतात. बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवले की मिरीतील पायपेरीन २० मिलिग्रॅम सोबत दिले तर शोषण २,००० टक्क्यांनी वाढते. हा आकडा आज प्रत्येक गोळीच्या डबीवर मिरवतो. पण मूळ पातळी मोजमापाच्या उंबरठ्यापाशीच होती, आणि तुटपुंज्याची वीसपट झाली तरी ती तुटपुंजीच असू शकते.

म्हणूनच जिथे औषध थेट पोहोचते तिथला पुरावा अधिक विचार करण्याजोगा आहे. मोठ्या आतड्याला व्रण पडणाऱ्या आजारात जपानमध्ये सहा महिने नेहमीच्या औषधासोबत रोज २ ग्रॅम कर्क्युमिन दिले. ते घेणाऱ्या ४३ रुग्णांपैकी २ जणांत रोग पुन्हा उफाळला, तर नुसत्या दिखाऊ गोळ्या घेणाऱ्या ३९ पैकी ८ जणांत (२००६). चाचणी लहान आहे, पण दिशा पटण्यासारखी आहे, कारण रक्तात न गेलेले कर्क्युमिन असते ते आतड्यातच. थायलंडमध्ये गुडघ्याच्या संधिवाताच्या ३६७ रुग्णांत हळदीचा अर्क चार आठवडे आयबुप्रोफेन या वेदनाशामकाच्या तोडीचा ठरला आणि पोटदुखीची तक्रार त्याच्यापेक्षा कमी आली (२०१४). इथे स्पष्टीकरण तितके सोपे नाही. अल्झायमरच्या रुग्णांवरील २०१२ च्या चाचणीत मात्र काहीच फरक दिसला नाही.

‘पी हळद अन् हो गोरी’ अशा घाईने शोषण वाढवलेल्या गोळ्या बाजारात आल्या आणि त्यांच्याबरोबर नवा धोका आला. हळदीच्या पूरक गोळ्यांमुळे यकृताला इजा झालेल्या १० रुग्णांची नोंद अमेरिकेतील संशोधकांनी २०२२ मध्ये केली; त्यांतील एकाचा मृत्यू झाला. काही गोळ्यांत पायपेरीनही होते. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी किंवा पित्ताशयात खडे असलेल्यांनी अशा गोळ्या डॉक्टरांना न सांगता घेऊ नयेत. त्या १० पैकी ७ रुग्णांत एचएलए-बी या रोगप्रतिकारशक्तीशी संबंधित जनुकाचे एकच रूप आढळले, आणि हेच रूप त्याआधी हिरव्या चहाच्या अर्काने यकृत बिघडलेल्या रुग्णांतही सापडले होते.