पंचावन्नाव्या वर्षी सुरू होणारी बिनपगारी नोकरी

रशियात ऐन थंडीत मुलाला टोपी न घालता बाहेर काढलं, तर रस्त्यातली एखादी अनोळखी म्हातारी त्याच्या आईला हमखास झापते. ओळखदेख नसताना! बाबुश्का, म्हणजे आजी, हा तिथे निव्वळ नात्याचा मामला नाही. हा अधिकार तिच्याकडे आला कुठून? ‘रशियन स्वभाव’ हे उत्तर मला आळशी वाटतं. आकडे जास्त बोलके आहेत.

आधी जीवशास्त्र. स्त्रीची प्रजननक्षमता पन्नाशीच्या आसपास संपते, पण ती पुढे कित्येक वर्षं धडधाकट जगते. सस्तन प्राण्यांत हे दुर्मीळ. काही देवमाशांत, उदाहरणार्थ ओर्कांत, दिसतं. टांझानियातल्या हाड्झा या शिकार-कंदमुळांवर जगणाऱ्या लोकांमध्ये काम करताना मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टन हॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलं, की म्हाताऱ्या बायका कडक जमिनीतून कंदमुळं खणून आणतात आणि आई नव्या बाळात अडकली की थोरल्याचं पोट आजीच्या कष्टावर भरतं. आजीमुळे नातवंडं जगली, म्हणून दीर्घायुष्याचे गुण टिकले, असं ‘आजी गृहीतक’ सांगतं. शास्त्रज्ञांचं त्यावर एकमत नाही. शिवाय आजी तर जगभर आहे. बाबुश्का सोव्हिएत व्यवस्थेने घडवली.

१९५६ पासून सोव्हिएत बाईला बाळंतपणाची रजा ११२ दिवस मिळे: निम्मी आधी, निम्मी नंतर. म्हणजे दोन महिनेही न झालेलं बाळ घरी ठेवून कारखाना गाठायचा. १९७० पर्यंत नोकरदारांत बायका निम्म्याहून जास्त होत्या. पाळणाघरं होती, पण तिथे पोर सारखं आजारी पडे. मग आजी. पहिलं मूल बाविशी-तेविशीत होई, त्यामुळे बाई पन्नाशीच्या आत आजी झालेली असे. आणि बायकांचं पेन्शन पंचावन्नाव्या वर्षी सुरू होई. हाताशी वेळ, अंगात ताकद, महिन्याला ठरलेले थोडे पैसे.

आजोबा मात्र बऱ्याच घरांत नव्हतेच. १९५९ च्या जनगणनेत सोव्हिएत संघात पुरुषांपेक्षा बायका दोन कोटींहून जास्त भरल्या; दुसऱ्या महायुद्धाने पुरुषांची पिढीच खाल्ली होती. पुढे दारू आणि हृदयविकाराने तीच रीत चालू ठेवली. १९९४ मध्ये रशियन पुरुषाचं सरासरी आयुर्मान अठ्ठावन्नाच्याही खाली होतं, बाईचं एकाहत्तरच्या घरात. अशी एकटी पडलेली आई बहुधा लेकीच्या संसारात मिसळे. म्हणून बाबुश्का म्हटली की सहसा डोळ्यांसमोर येते ती आईची आई.

तिची दिवसभराची कामं पाहिली तर ती घराची पुरवठा अधिकारीच. दुकानात काही आल्याची कुणकुण लागताच रांगेत उभं राहायचं. नातवाला सकाळी रव्याची खीर, दुपारी सक्तीची झोप. उन्हाळ्यात गावाबाहेरच्या दाचावर, म्हणजे उन्हाळी घराच्या जागेवर, बहुतेकदा सहाशे चौरस मीटरच्या तुकड्यावर, बटाटे नि काकड्या लावायच्या. काकड्या खारवून बरण्या भरायच्या, हिवाळ्याची बेगमी म्हणून.

आणि एक काम चोरून: नातवाचा बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती धर्मदीक्षा. धर्माविरुद्ध असलेल्या सोव्हिएत राजवटीत, नेता ख्रुश्चेव्हच्या काळात, चर्चं धडाधड बंद होत होती. नोकरदार आईबापांनी मुलाला चर्चमध्ये नेलं, तर वरिष्ठांपर्यंत बातमी जायची भीती. पेन्शनीत निघालेल्या म्हातारीचं कोण काय वाकडं करणार?

देश सोडल्यावर आजीचं हे वारसा जपण्याचं काम आणखी गमतीदार होतं. १९९० च्या दशकात इस्रायलमध्ये गेलेल्या कुटुंबांत नातवंडं हिब्रू बोलू लागली आणि घरातली रशियन भाषा आजीच्या तोंडी टिकली. जर्मनीला परतलेल्या रशियन-जर्मन कुटुंबांत, म्हणजे पूर्वी रशियात जाऊन वसलेल्या जर्मनांच्या वंशजांत, उलटं: नातवंडं रशियन बोलत आलेली, आणि जुनी जर्मन बोली येत असे ती आजीला.

आता रशियात हे गणित बदलतंय. पहिलं मूल पंचविशीनंतर होतं. २०१८ मध्ये बायकांचं निवृत्तीचं वय टप्प्याटप्प्याने साठवर नेण्याचा कायदा झाला. सरकारचा मूळ प्रस्ताव तर त्रेसष्टचा होता, लोक रस्त्यावर उतरले तेव्हा तो खाली आला. साठीपर्यंत कामावर जाणारी आजी नातवाला कधी सांभाळणार? रशियन कामगार कायद्यात त्याला एक वाट आहे: मूल तीन वर्षांचं होईपर्यंतची संगोपन रजा आईऐवजी आजीही घेऊ शकते.