स्पीकर मागे सरकवण्याआधी हे वाचा
ऑर्केस्ट्रा, सुगम संगीत आणि मंडळाचे कार्यक्रम ठरवणाऱ्या आमच्या इंदूरच्या ग्राहकांसाठी

साउंडचं बुकिंग झालं की अॅडव्हान्सच्या पावतीसोबत हे पत्रक आम्ही देतो. गणपतीत, कोजागरीला, दिवाळी पहाटेला आणि लग्नाच्या आदल्या रात्रीच्या संगीतात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा घडते आणि दरवेळी तास-दीड तास खाऊन जाते. तो वेळ खरं तर तुमच्या गायकांच्या साउंड चेकचा असतो.

गोष्ट अशी. आम्ही दुपारी येऊन स्पीकर उभे करतो, केबल टाकतो, माइक तपासतो. पाचच्या सुमारास डेकोरेशनवाले येतात. फुलांची कमान थोडी पुढे येते, व्हिडिओवाले म्हणतात की फ्रेममध्ये काळे डबे दिसताहेत, आणि मंडळातलं कुणी तरी आमच्या मुलाला सांगतं, "दादा, हे जरा मागे घ्या ना, पडद्याला लागून." मागे म्हणजे गायकांच्या पाठीशी. मुलगा वयाने लहान, समोरची मंडळी मोठी. तो सरकवतो. साडेसातला पहिली गायिका उभी राहते आणि दुसऱ्याच ओळीला माइक शिट्टी मारतो.

त्या वेळी सगळे माइककडे बघतात. माइक बदला, वायर बदला, दुसऱ्या कंपनीचा आणा. पण दोष माइकचा नसतो. माइक गाणं उचलतो, ते मिक्सरमधून अॅम्प्लिफायरला आणि तिथून स्पीकरला जातं. स्पीकर गायिकेच्या मागे असेल तर तोच आवाज तिच्या खांद्यावरून पुन्हा माइकमध्ये शिरतो, पुन्हा मोठा होऊन बाहेर येतो, पुन्हा शिरतो. एका फेरीत आवाज जेवढा विरतो तेवढाच किंवा त्याहून जास्त वाढला की एखादा सूर धरून शिट्टी सुरू होते. मिक्सरवर बसलेला माणूस मग आवाज उतरवतो. शेवटच्या रांगेतून निरोप येतो, ऐकू येत नाही. तो चढवतो, पुन्हा शिट्टी. इक्वलायझरवर ते ते सूर कापत गेलं तर शिट्टी थांबते, पण गळ्याचा कसही त्याच्याबरोबर कापला जातो आणि चांगली गाणारी बाई पत्र्याच्या डब्यातून गातेय असं वाटतं. हे आम्हाला फार लागतं, कारण महिनाभर तालीम तिने केलेली असते.

म्हणून आमचा आग्रह एकच. गायकांच्या सगळ्यात पुढच्या माइकपासून मुख्य स्पीकर निदान चार-पाच फूट पुढे आणि स्टेजच्या दोन्ही कडांच्या बाहेर. आल्याबरोबर आम्ही जमिनीवर पांढऱ्या टेपने रेघ मारतो. स्पीकर त्या रेघेच्या पुढे, माइक मागे. ही रेघ डेकोरेशनवाल्यांना आणि व्हिडिओवाल्यांना तुम्ही स्वतः दाखवलीत तर ते ऐकतात. आम्ही सांगितलं की वाद होतो. स्टँडला पांढरं किंवा काळं कापड हवं असेल तर आदल्या दिवशी सांगा, आमच्याकडे शिवून ठेवलेली आहेत, त्याचे पैसे घेत नाही. स्पीकरच्या जाळीवर मात्र झेंडूच्या माळा सोडू नका. वरच्या भागात हॉर्न असतो, शब्दांतले स, श, त, ट तिथून येतात, आणि फुलांचा पडदा नेमका तेच अडवतो.

गेल्या भाद्रपदात एका मंडळात आम्ही हा आग्रह सोडला. मखर सुंदर होतं, मंडळी जिव्हाळ्याची होती, स्पीकर मागे घेतले. पहिली तीन गाणी शिट्टीत गेली, मग प्रेक्षक बसलेले असताना स्टँड उचलून पुढे आणावे लागले. तेव्हापासून आम्ही नम्रपणे नाही म्हणतो. याचा कुणाला राग आला असेल तर क्षमा असावी, पण या बाबतीत ठाम राहणं हे आमच्या कामातच येतं.

"किती वॉटचा आहे?"

दर दुसऱ्या फोनवर हा प्रश्न येतो. वॉट दुप्पट केले तर आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल, म्हणजे लक्षात येईल इतपतच. कानाला दुप्पट मोठं वाटायला साधारण १० डेसिबल लागतात आणि त्यासाठी वॉट दहापट हवेत. शिवाय खोक्यावर लिहिलेला आकडा बहुतेक वेळा क्षणभराच्या धक्क्याचा असतो, सलग चालवायचा आकडा त्याच्या खूप खाली. एका वॉटला एक मीटरवर ९८ डेसिबल देणारा स्पीकर २५० वॉटवर जे करतो, तेच करायला ९५ डेसिबलवाल्याला ५०० वॉट लागतात. तेव्हा वॉट विचारण्यापेक्षा माणसं किती, जागा बंद की उघडी आणि वाद्यं कोणती ते सांगा. गझल किंवा भावगीत, तबला-हार्मोनियम आणि सव्वाशे माणसं असतील तर बारा इंची दोन टॉप (स्टँडवर चढवायचे मुख्य स्पीकर) पुरतात, बेसचं खोकं घेऊन पैसे घालवू नका. ऑक्टोपॅड, की-बोर्ड, बेस गिटार आणि ड्रम आला की पंधरा इंची टॉप आणि अठरा इंची दोन बेस लागतात.

बेसची दोन्ही खोकी स्टेजच्या एका टोकाला एक आणि दुसऱ्या टोकाला एक अशी सारखी दिसावीत, असं पुष्कळांना वाटतं. आम्ही शक्यतो दोन्ही शेजारी ठेवतो. ६० हर्ट्झच्या सुराची लाट जवळजवळ पावणेसहा मीटर लांब असते. दोन खोकी दूर ठेवली तर ज्या खुर्चीपर्यंतच्या त्यांच्या अंतरात अर्ध्या लाटेचा फरक पडतो, तिथे दोघांचा बेस एकमेकांना मारतो. मग मधल्या रांगेत ढोल छातीवर येतो आणि चार खुर्च्या सोडून बसलेल्याला काहीच लागत नाही.

उंची आणि मागच्या रांगा

टॉप आम्ही सात-आठ फुटांवर चढवतो. बसलेल्या माणसाचा कान चार फुटांवर असतो आणि माणसांची गर्दी वरचे सूर शोषून घेते. स्पीकर खाली ठेवला की पुढच्या दोन रांगांचे कान किटतात आणि बाकीच्यांपर्यंत नुसता घों घों आवाज पोहोचतो. उघड्या जागेत अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल उतरतात. पहिली खुर्ची दोन मीटरवर आणि शेवटची सोळावर असेल तर फरक १८ डेसिबलचा. वर चढवून किंचित खाली झुकवल्याने हा फरक बराच कमी होतो.

राजेंद्र नगर, सुदामा नगरकडची कॉलनीची मैदानं किंवा बायपासकडची मॅरेज गार्डन लांबट असतात. तिथे पुढची जोडी ओरडवण्यापेक्षा मध्यावर दुसरी छोटी जोडी लावणं बरं. पण नुसती लावून चालत नाही. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो. वीस मीटर मागे लावलेल्या जोडीतून वायरने आवाज लगेच येतो आणि स्टेजचा ५८ मिलिसेकंद उशिरा, त्यामुळे शब्द दोनदा ऐकू येतात. म्हणून मागच्या जोडीला तेवढा उशीर मिक्सरवर देतो, वर दहाएक मिलिसेकंद आणखी, म्हणजे कानाला सगळं स्टेजवरूनच येतंय असं वाटतं. या जोडीचं भाडं वेगळं लागतं, पण शेजाऱ्यांच्या दृष्टीनेही तीच सोयीची, कारण दोन्ही जोड्या हळू चालतात. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे राहत्या वस्तीत दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे, रात्री दहा ते सहा उघड्यावर भोंगा बंद, आणि रुग्णालय, शाळा, न्यायालयापासून १०० मीटर शांतता क्षेत्र. परवानगी आयोजकांनी काढायची असते, तिची प्रत आम्हाला द्या.

धर्मशाळेच्या हॉलमध्ये गुळगुळीत फरशी आणि टाइलच्या भिंती असतात. तिथे आम्ही आवाज मुद्दाम कमी ठेवतो आणि टॉप आत वळवतो, म्हणजे भिंतींऐवजी माणसांवर पडतो. मागच्या भिंतीला जाड पडदा किंवा सतरंजी टांगता आली तर टांगा.

माइक धरणाऱ्यांना एवढं सांगा

जाळी मुठीत धरू नये. ऑर्केस्ट्रातले पुष्कळ गायक तशी धरतात, ती पकड बघायला छान वाटते. आमच्याकडचे एसएम ५८ सारखे माइक पाठीमागून येणारा आवाज टाळण्यासाठी बनवलेले आहेत, म्हणून तर मॉनिटर, म्हणजे गायकाला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्टेजवरचा छोटा स्पीकर, त्यांच्या पाठीकडे ठेवतात. जाळी झाकली की तो गुण जातो आणि माइक चहूकडून ऐकू लागतो. दुसरं, माइक तोंडापासून दोन इंचांवर असावा. तो आठ इंचांवर गेला की १२ डेसिबल आवाज गेला, आणि तो भरून काढायला वाढवलं की शिट्टी. उघडे माइक दुप्पट झाले की शिट्टी न येता आवाज जेवढा चढवता येतो तो आणखी ३ डेसिबलने कमी होतो, म्हणून सत्कारासाठी सहा माइक मागू नका, दोन फिरवा.

आणि सत्कार. निवेदक कॉर्डलेस घेऊन खाली उतरतात, पहिल्या रांगेतल्या आजोबांना दोन शब्द बोलायला लावतात आणि दोघेही थेट स्पीकरच्या तोंडासमोर उभे असतात. ज्येष्ठांचा मान त्यांच्या जागेवर जाऊनच करावा हे आम्हालाही पटतं. फक्त आधी कळवा, मिक्सरवरचा माणूस त्या माइकची पातळी वेगळी लावून ठेवील. खुर्ची मधल्या वाटेकडची ठेवली तर आणखी चांगलं, तिथे स्पीकरचा थेट मारा नसतो.

जागा बघायला आम्ही आधी येतो. इंदूरमध्ये त्याचे पैसे नाहीत, महू-देवासला फक्त जाण्या-येण्याचा खर्च. येणं जमणार नसेल तर स्टेजची रुंदी, शेवटच्या खुर्चीपर्यंतची लांबी, छताची उंची आणि लाइटचा पॉइंट कुठे आहे एवढं मोबाइलवर पाठवा, सोबत वाद्यांची यादी आणि मखराचा किंवा कमानीचा फोटो. कमान किती फूट पुढे येणार तेही लिहा, म्हणजे टेपची रेघ तिच्या पुढे मारता येईल.