पालकाच्या पानातले कॅल्शियम आणि कासवाची पाठ

आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या एका शाळकरी मुलीने आपले पाळीव कासव मला दाखवायला आणले, तेव्हा पाठीच्या कडेवर अंगठा ठेवताच ती कडा भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी किंचित आत दबली. "काका, आमचा टिल्लू रोज पालक खातो, पालकात तर कॅल्शियम असतं ना?" हा तिचा प्रश्न अगदी रास्त होता, कारण पालकात कॅल्शियम असते हे पाठ्यपुस्तकातले वाक्य खोटे नाही. पानात असलेला क्षार आणि प्राण्याच्या रक्तापर्यंत पोहोचलेला क्षार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढेच ते वाक्य सांगत नाही.

टिल्लू हे डोळ्यामागे लाल पट्टा असलेले, मत्स्यालयांच्या दुकानांत नाण्याएवढ्या आकाराचे असताना विकले जाणारे रेड-इअर्ड स्लायडर जातीचे कासव आहे. ही जात मूळची अमेरिकेतील मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातली. नाण्याएवढ्या पिल्लाची मादी पुढे २५ सेंटिमीटरपेक्षाही मोठी होते आणि नीट सांभाळल्यास दोन-तीन दशके जगते, हे दुकानदार सहसा सांगत नाही. मग कंटाळलेले मालक ती तळ्यात सोडतात आणि तिथल्या देशी कासवांच्या अन्नात व उन्हाच्या जागांत वाटेकरी निर्माण करतात. आपली देशी कासवे, मग ती तारा कासवे असोत वा चिखलातली मऊ पाठीची, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित असल्यामुळे ती घरी ठेवणे हा गुन्हा आहे. वास्तुदोष जावा म्हणून किंवा पैशाचा पाऊस पडावा म्हणून 'वीस नखी' कासवाचा लाखो रुपयांना सौदा करणाऱ्यांच्या बातम्या अजूनही येतात. त्यात पैसा मिळतो तो फक्त विकणाऱ्याला.

आहाराच्या बाबतीत आपला एक घोटाळा भाषेनेही केला आहे. जमिनीवर चालणाऱ्या आणि पाण्यात पोहणाऱ्या अशा दोन्ही प्राण्यांना मराठीत 'कासव' हा एकच शब्द असल्यामुळे, मुख्यतः शाकाहारी तारा कासवाचा आहार पाण्यातल्या स्लायडरला लागू केला जातो. स्लायडर मिश्राहारी आहे आणि त्यातही वयानुसार त्याची आवड बदलते. पिल्ले मुख्यतः किडे, गोगलगाई, बारीक मासे खातात आणि मोठी होत जातात तसा त्यांच्या आहारात वनस्पतींचा वाटा वाढत जातो, कारण वाढीच्या काळात लागणारी प्रथिने पाल्यातून मिळवणे इवल्याशा पोटाला परवडत नाही. त्यामुळे पिल्लू पान हुंगून सोडून देत असेल तर घाबरण्याचे कारण नाही. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात या कासवांना पाण्यावर तरंगणाऱ्या टिकलीएवढ्या डकवीड वनस्पतीसोबत कीटकांच्या अळ्याही खाऊ घातल्या, तेव्हा नुसती वनस्पती खाण्यापेक्षा मिश्र जेवणात तीच वनस्पती अधिक चांगली पचली. पाल्यातला तंतुमय भाग कासव स्वतः पचवत नाही, त्याच्या आतड्यातले सूक्ष्मजीव पचवतात, आणि अळ्यांमधून मिळणारा नायट्रोजन त्या सूक्ष्मजीवांना उपयोगी पडत असावा, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते.

आता पालकाकडे वळू. १०० ग्रॅम कच्च्या पालकात सुमारे १०० मिलिग्रॅम कॅल्शियम असते आणि साधारण ५०० ते ९०० मिलिग्रॅम ऑक्झॅलेट, म्हणजे कॅल्शियमला बांधून ठेवणारे द्रव्य, असते. कॅल्शियमच्या एका आयनाला ऑक्झॅलेटचा एक आयन चिकटला की कॅल्शियम ऑक्झॅलेट तयार होते आणि ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणजे आतड्याच्या भिंतीतून पलीकडे जाण्याच्या लायकीचे उरत नाही. वजनाचा हिशेब शालेय रसायनशास्त्रातला आहे: कॅल्शियमचा अणुभार ४०, ऑक्झॅलेटचा भार ८८, म्हणून १०० मिलिग्रॅम कॅल्शियम जखडून टाकायला २२० मिलिग्रॅम ऑक्झॅलेट पुरते. पालकात ऑक्झॅलेटचा कमीत कमी आकडा ५०० धरला, तरी स्वतःचे सगळे कॅल्शियम बांधून झाल्यावर २८० मिलिग्रॅम शिल्लक उरते, आणि ते त्याच जेवणातून आलेले आणखी सव्वाशे मिलिग्रॅम कॅल्शियम धरून ठेवू शकते. पानातल्या ऑक्झॅलेटचा काही भाग आधीच बांधलेला असतो आणि आतड्यात सगळ्याच आयनांची गाठ पडत नाही, त्यामुळे प्रत्यक्षातला हिशेब इतका काटेकोर नसतो, पण त्याची दिशा हीच असते. माणसांवरच्या चाचण्यांत दुधातले पाव ते एक तृतीयांश कॅल्शियम शोषले जाते, तर पालकातले जेमतेम ५ टक्क्यांच्या आसपास. म्हणूनच टाकीत माकूळ माशाचे पांढरे हाड कॅल्शियमसाठी ठेवायचे आणि त्याच वेळी पालकही घालायचा, हे एका हाताने देऊन दुसऱ्या हाताने काढून घेण्यासारखे आहे.

ऑक्झॅलेट आपल्या स्वयंपाकघराला अनोळखी नाही. अळूची भाजी चिंच न घालता केली की घसा खवखवतो, तो पानात असलेल्या कॅल्शियम ऑक्झॅलेटच्या सुईसारख्या टोकदार स्फटिकांमुळे. चुका, चाकवत, घोळ, माठ याही ऑक्झॅलेटच्या बाबतीत श्रीमंत भाज्या आहेत. टाकी सजवण्यासाठी हमखास लावला जाणारा मनी प्लांट अळूच्याच कुळातला असून त्याच्या पानांतही तसेच सुईस्फटिक असतात, त्यामुळे त्याची पाने कासवाच्या तोंडाच्या टप्प्यात नसावीत.

दुसरी अडचण फॉस्फरसची. आहारात कॅल्शियम हे निदान फॉस्फरसएवढे, शक्यतो त्याच्या दुप्पट असावे लागते. कोंबडीच्या मांसात फॉस्फरस कॅल्शियमच्या दहापटीहून अधिक असतो, त्यामुळे "मांस खातंय म्हणजे हाडं मजबूत होतील" ही समजूत कासवापुरती उलटी ठरते. रक्तातल्या कॅल्शियमची पातळी घसरली तर स्नायू आणि हृदय अडचणीत येतात, म्हणून पॅराथायरॉइड ग्रंथी हाडांतून कॅल्शियम काढून रक्तात सोडण्याचा आदेश देते. कासवाच्या बाबतीत पाठ म्हणजे वर ठेवलेली झोपडी नसून रुंदावलेल्या बरगड्या आणि मणके एकमेकांना जोडून बनलेले हाडच आहे, त्याच्यावर केरॅटिनचे, म्हणजे आपली नखे ज्याची बनतात त्याच पदार्थाचे, आवरण असते इतकेच. रक्ताची उधारी भागवण्यासाठी ही पाठच हळूहळू रिती होत जाते आणि शेवटी ती अंगठ्याखाली दबते.

आतड्याने कॅल्शियम घ्यावे यासाठी डी ३ जीवनसत्त्व लागते आणि कासव ते उन्हात आपल्या त्वचेतच तयार करते: साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटर लांबीच्या अतिनील किरणांनी त्वचेतल्या ७-डीहायड्रोकोलेस्टेरॉलचे रूपांतर होते, मग यकृत आणि मूत्रपिंडात त्यावर आणखी दोन संस्कार होऊन संप्रेरक तयार होते. टिल्लूची पेटी बाल्कनीत होती खरी, पण सरकत्या काचेच्या आत. आणि साधी खिडकीची काच हे किरण जवळजवळ पूर्णपणे अडवते. पेटीतला उजेड भरपूर होता, उपयोगाचा प्रकाश मात्र नव्हता. थेट ऊन काचेशिवाय, सोबत सावलीला जागा ठेवून मिळावे, किंवा हेच किरण देणारा अतिनील-बी दिवा लावावा. कोणताही पाला त्याची जागा घेऊ शकत नाही.

पाला निवडताना मुळ्याचा पाला, सरसोंचा पाला, नवलकोलची पाने आणि कोथिंबीर हे चांगले पर्याय आहेत, कारण त्यांत ऑक्झॅलेट कमी आणि कॅल्शियमचे प्रमाण फॉस्फरसच्या तुलनेत बरे असते. जास्वंदीची पाने आणि फुलेही कासवे आवडीने खातात. आइसबर्ग लेट्यूस म्हणजे जवळपास सगळे पाणीच, त्याने फक्त पोट भरल्यासारखे वाटते. मुळा-मुठा किंवा पंचगंगेतली जलपर्णी फुकट मिळते म्हणून आणू नये, कारण ही वनस्पती सांडपाण्यातले जड धातू आपल्या अंगात साठवते. दुकानातला पाला चांगला धुऊन, कच्चाच आणि मीठ न घालता, पाण्यात दगडाखाली दाबून ठेवावा. स्लायडरची जीभ हलत नसल्याने त्याला पाण्याशिवाय गिळताच येत नाही, म्हणून कोरड्या बशीत वाढलेला पाला तसाच राहतो. उरलेले तासाभरात काढावे, नाहीतर पाणी नासते.

पुण्या-नाशिकच्या डिसेंबरात टाकीतले पाणी थंड झाले की कासव पान तोडूनही थुंकून टाकते. शीतरक्ताच्या प्राण्याचे पचन, आणि पाला फोडणाऱ्या सूक्ष्मजीवांचे कामही, तापमानाबरोबर मंदावते; पाणी २५ अंशांच्या आसपास आणि ऊन खाण्याची जागा त्याहून गरम नसेल, तर पोटात गेलेला मुळ्याचा पाला तिथे दिवसेंदिवस तसाच पडून राहतो. टिल्लूच्या घरी म्हणूनच पालक बंद करण्याआधी थर्मामीटर आणला गेला.