उपग्रह रडारने हिम आणि बर्फ मोजणं

उपग्रहावरून खाली रेडिओ लहरी सोडायच्या, त्या आपटून परत आल्या की किती वेळ लागला आणि किती जोर उरला ते बघायचं, आणि त्यावरून बर्फ कुठे आहे, किती जाड आहे, सरकतोय का ते काढायचं, अशी ही पद्धत. मराठीत भुरभुर पडतो तोही बर्फ आणि ट्रेमधला खडाही बर्फच, पण इथे भुसभुशीत ते हिम आणि घट्ट तो बर्फ असं वेगळं धरावंच लागतं.

कॅमेऱ्याला ढग आडवे येतात, ध्रुवाकडे तर महिनोन्‌महिने रात्रच असते. रडार स्वतःच लहरी सोडतं, त्यामुळे त्याला ना उजेड लागतो ना निरभ्र आकाश.

समुद्रातल्या बर्फाची जाडी काढायची युक्ती मला फार आवडते. पाण्याच्या ग्लासात बर्फाचा खडा टाकून बघा, थोडासाच भाग वर राहतो; समुद्रातल्या बर्फाचाही जेमतेम नववा-दहावा. 2010 साली सोडलेला युरोपचा क्रायोसॅट-2 साधारण 717 किलोमीटरवरून हा वरचा भागच मोजतो, लहर जाऊन यायला पाच मिलिसेकंदही लागत नाहीत, मग हिशेबाने खालचा भाग काढायचा. म्हणजे वर 10 सेंटिमीटर चुकलं की जाडीत मीटरभर फरक! त्यात वर साचलेलं हिम बर्फाला खाली दाबतं, आणि लहर त्या हिमातून आरपार गेली का मधेच परतली हेही बघावं लागतं.

खरी मेख ओलेपणाची आहे. बडोद्यात सूरसागर तलावाकडे गोळा खाताना बघा, किसलेला बर्फ पांढराशुभ्र असतो आणि सरबत पडलं की तो पांढरेपणा गेलाच. रडारमध्ये कारण वेगळं, पण बदल तसाच झटकन होतो: कोरडं हिम युरोपच्याच सेंटीनेल-1 या रडार उपग्रहाच्या साडेपाच सेंटिमीटरच्या लहरीला जवळजवळ दिसतच नाही, ती थेट जमिनीपर्यंत जाते, आणि थोडं जरी वितळलं तरी पाणी लहर शोषून घेतं आणि चित्रात तो भाग काळा पडतो. म्हणून हिम वितळायला कधी लागलं हे रडार छान सांगतं, कोरडं हिम किती साचलंय ते सांगणं अवघड.

हिमनदीची चाल काढायला एकाच जागेची काही दिवसांच्या अंतराने घेतलेली दोन चित्रं जुळवतात. मधे हिम पडलं तर जुळणी बिघडते, लांब लहर असली तर कमी बिघडते, आणि इथेच निसारचं महत्त्व आहे. 30 जुलै 2025 ला श्रीहरिकोटाहून गेलेला इस्रो-नासाचा हा उपग्रह 24 सेंटिमीटरची लहर वापरतो, दर 12 दिवसांनी त्याच जागी येतो, आणि त्याचं दुसरं, एस-बँडचं (म्हणजे त्याहून आखूड लहरीचं) रडार आपल्या बडोद्यापासून शंभरेक किलोमीटरवर अहमदाबादला बनलंय.

हिमालयात मात्र अजून एक भानगड आहे. रडार तिरकं बघतं, त्यामुळे शिखराचा प्रतिध्वनी पायथ्याच्या आधी पोचतो आणि डोंगर चित्रात उपग्रहाकडे कललेला दिसतो, पलीकडची दरी सावलीत जाते, म्हणून उपग्रह उत्तरेकडे जातानाची आणि दक्षिणेकडे येतानाची अशी दोन्ही चित्रं लावून बघतात, म्हणजे डोंगर दोन बाजूंनी बघता येतो.